मी कॅन्सल म्हणालो आणि त्यांनी केलं

फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसचं इंटरनेट मी आजवर चार वेळा कॅन्सल केलंय, आणि ते एकदाही बंद पडलेलं नाही. हीच तर कला आहे. वर्ष संपत आलं की बिल वाढतं. मग मी फोन लावून स्पीकरवर टाकतो, रूममेट समोर चहा आणून ठेवतो, आणि मी माझा जाड आवाज काढतो. हा आवाज मूळचा आमच्या ऑफिसातल्या एका मोठ्या साहेबाचा. टेक्ससचा माणूस, वाक्य संपवताना जिना चढून आल्यासारखा श्वास सोडतो. त्या आवाजात फक्त म्हणायचं, "कॅन्सल इट." पुढे गप्प. पलीकडची बाई "वन मोमेंट, सर" म्हणून आपल्याला दुसऱ्या खात्यात जोडून देते. तिथे एक गोड माणूस बसलेला असतो, त्याला पगारच रुसलेल्या गिऱ्हाइकाला परत आणायचा मिळतो. तो "सर, प्लीज" करत करत बिल खाली आणतो. कधी लाईन कट झाली तर दोन दिवसांत त्यांचा आपणहून फोन येतो.

यात माझं स्वतःचं काही नाही. बार्शीच्या बाजारात आई हेच करायची. भाव ऐकला की "राहू दे" म्हणून पुढे चालायला लागायची, बरोबर सहा पावलं. सातव्याला मागून हाक आलीच पाहिजे, "अहो ताई, या इकडं!" आई पायाने करायची ते मी आवाजाने करतो, एवढाच फरक.

हळूहळू गल्लीतल्या सगळ्यांची कामं माझ्याकडे यायला लागली. समोरच्या काकांचं जिम, शेजारच्या काकूंचा फोनचा प्लॅन. ते शेजारी बसणार आणि मी बोलणार. माझं ठाम मत झालं होतं की अमेरिकेत खरोखर कॅन्सल असं काही होतच नाही.

आता मुद्द्याचं. मी दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलो होतो. हे असं सरळ लिहून टाकतो, कारण तोंडी सांगताना मी त्याचा जोक करतो आणि मग समोरच्यालाही तो जोकच वाटतो. रविवारी आमची क्रिकेटची मॅच असते. आम्ही जिंकलो होतो, पार्कात बिअर झाली, दुपारचे चार वाजले होते आणि घर पाच मिनिटांवर. स्टॉपच्या पाटीला मी थांबल्यासारखं केलं, थांबलो नाही. मागे दिवे लागले. पोलीस म्हणाला, "सर, हॅव यू बीन ड्रिंकिंग टुडे?" आणि मी त्याचीच ओळ त्याच्याच आवाजात त्याला परत ऐकवली. पार्टीत यावर लोक सोफ्यावरून खाली पडतात. तो पडला नाही.

लायसन गेलं. वकील केला, कोर्ट झालं. वकिलाने वर हेही बजावलं की सध्या देशाबाहेर पाऊल टाकू नकोस, परत येताना व्हिसाच्या स्टॅम्पला त्रास होईल. म्हणजे दिवाळीला घरी जाणं बंद. घरी मी सांगितलं, "प्रोजेक्ट आहे." पुढच्या दिवाळीला पण प्रोजेक्टच होता.

काही महिन्यांनी रिस्ट्रिक्टेड लायसन मिळालं. म्हणजे गाडी चालव, पण आमच्या अटींवर. एक, दारूच्या दुष्परिणामांचा क्लास दर आठवड्याला. दोन, गाडीत फुंकायचं मशीन, श्वासात दारू नसेल तरच गाडी चालू होते. तीन, इन्शुरन्स कंपनीचं एक सर्टिफिकेट. ते कंपनी परस्पर डीएमव्हीला, म्हणजे इथल्या आरटीओला पाठवते, की या प्राण्याचा इन्शुरन्स चालू आहे आणि तो आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतोय.

मशीनचं मला काही वाटलं नाही. त्याला नुसती फुंकर चालत नाही, फुंकता फुंकता "हूं" असा सूर लावावा लागतो, मधे तुटता कामा नये. बसवणारा मेकॅनिक म्हणाला की पहिल्या दिवशी लोक सहा-सहा वेळा फुंकतात. माझं पहिल्या फटक्यात झालं. शाळेत आमचे हेडसर व्हरांड्यातून चालत यायचे तेव्हा असाच एक लांब हूं काढायचे. सातवीत मी तो इतका हुबेहूब काढला होता की दोन वर्ग चिडीचूप झाले, आणि खरे हेडसर माझ्या मागेच उभे होते. तेव्हा त्याबद्दल छडी मिळाली. आता त्याच हूंवर रोज सकाळी माझी गाडी चालू होते.

अडलं ते इन्शुरन्सला. माझ्या जुन्या कंपनीने मला हात जोडले. मग मी गाठलं इंडियन ग्रोसरीच्या शेजारच्या गाळ्यातल्या काकूंना. या नागपूरच्या, वीस वर्षं इथे इन्शुरन्स एजंट. टेबलावर एका बाजूला फायली आणि दुसऱ्या बाजूला चिवड्याची बरणी. मी दबक्या आवाजात माझी केस सांगितली. काकू चष्म्यावरून बघत राहिल्या.

"काऊन रे, घरी जाऊन पेता येत नव्हती?"

"काकू, घरीच चाललो होतो."

"हुशारी नको करू. तुझ्या आईला माहीत आहे?"

"नाही."

"बापाला?"

"काकू, बाबा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं. एक ओरखडा नाही."

यावर काकूंनी चिवड्याची बरणी माझ्याकडे सरकवली आणि फॉर्म भरायला घेतला. माझ्यासारख्यांना घेणारी एक कंपनी त्यांनी शोधून काढली. हप्ता ऐकून माझे डोळे पांढरे झाले. मग त्यांनी पेनाने टेबलावर ठकठक केलं.

"आता ऐक. ही पॉलिसी एक दिवस सुद्धा तुटली नाही पाहिजे. तुटली की कंपनी डीएमव्हीला कळवते, अन् तुझं लायसन पुन्हा बंद. ऐकून राहिला ना?"

"ऐकतोय."

"काही लागलं तर मला फोन करायचा. कंपनीला डायरेक्ट नाही. मला."

मी हो म्हणालो. बाहेर येऊन पार्किंगमध्ये रूममेटला त्यांच्याच आवाजात ही सगळी ताकीद करून दाखवली. तो हसून हसून गाडीच्या बॉनेटवर वाकला.

पुढे सगळं सुरळीत चाललं. रोज हेडसरांचा हूं, मग सांता क्लाराला ऑफिस. मग बाबांचा फोन आला की मी येतोय. ताईचं बाळंतपण जवळ आलं होतं म्हणून आई तिच्याकडे थांबणार, आणि बाबा एकटेच महिनाभर येणार. "तुझा प्रोजेक्ट काही संपत नाही," ते म्हणाले, "मग मीच येतो. विमानतळावर घ्यायला तूच ये. दुसऱ्या कुणाला पाठवू नको. तू चालव, मी शेजारी बसतो. बघू कशी चालवतोस."

हे ते सहज म्हणाले, पण ते सहज नव्हतं. रिटायर झाल्यापासून बाबा कुणाच्याही गाडीत शेजारी बसत नाहीत, मागे बसतात. म्हणतात, पुढे बसलं की पाय ब्रेक शोधतो. आणि मला गाडी त्यांनी शिकवलीच नव्हती. म्हणाले होते, "आधी शीक, मग ड्रायव्हर हो की नको हो." मी गाडी शिकलो ती इथे येऊन. मी स्टिअरिंग धरलेलं त्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं. मशीनचं काय सांगायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं, कॅलिफोर्नियाचा नियम आहे, सगळ्या गाड्यांना असतं. मेकॅनिकच्या आवाजात दोनदा म्हणूनही पाहिलं. एकदम पटण्यासारखं होतं.

बाबा शनिवारी येणार होते. त्याच्या आधीच्या सोमवारी कंपनीची ईमेल आली, पॉलिसी रिन्यू होतेय आणि हप्ता आणखी वाढतोय. काकूंना फोन करायला हवा होता. पण रूममेट समोर होता, चहा झालेला होता, आणि मी फॉर्मात होतो.

"हे पण करतोस?" रूममेट म्हणाला. हा पुण्याचा, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर त्याला शंका असते. "इन्शुरन्स आहे यार. इंटरनेट नाही."

"सगळं सारखंच असतं," मी म्हणालो. "गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक."

फोन लावला. पलीकडे एक आनंदी मुलगी. मी टेक्ससच्या साहेबाला बोलावलं आणि म्हणालो, "कॅन्सल इट." आणि गप्प बसलो.

ती म्हणाली, "सर, या पॉलिसीवर तुमचं स्टेटचं सर्टिफिकेट आहे. तुम्हाला नक्की करायचंय का?"

मला वाटलं, आली लाईनीवर. मी फक्त श्वास सोडला. जिना चढून आल्यासारखा.

"आजपासून?"

"टुडे," साहेब म्हणाले.

टाइप करण्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "ऑल डन, सर. आणखी काही मदत करू का?"

ना दुसरं खातं, ना तो गोड माणूस. फोन बंद झाला. रूममेट चहाचा कप हातात धरून तसाच उभा.

"झालं?"

"थांब. परत फोन येतो त्यांचा. दोन दिवसांत येतोच."

आणि मी थांबलो. मंगळवारी गाडी घेऊन ऑफिसला गेलो. बुधवारी पण गेलो. फ्रीवेवर फोन मांडीवर ठेवून वाट बघत होतो, की आता वाजेल आणि कुणीतरी "सर, प्लीज" म्हणेल. सहा पावलं झाली, सात झाली. मागून हाक काही आली नाही.

गुरुवारी फोन वाजला तो काकूंचा.

"तू काय करून बसलास?"

"काकू, मी फक्त जरा..."

"कंपनीची नोटीस आली माझ्याकडे. कॅन्सल्ड ॲट कस्टमर रिक्वेस्ट. कोण कस्टमर? काय रिक्वेस्ट?"

मी सगळं सांगितलं. साहेबाचा आवाज, दुसरं खातं, गोड माणूस. काकू पूर्ण ऐकून घेत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं.

"अरे बाळा," त्या शेवटी म्हणाल्या, "त्यांच्याकडे तो गोड माणूस नसतो. तुझ्यासारखा गिऱ्हाईक आपल्या पायाने गेला तर ते तिकडे पेढे वाटतात."

मग त्यांनी विचारलं, "सोमवारपासून गाडी चालवली का?"

"दोन दिवस. ऑफिसला."

फोनवर चिवड्याच्या बरणीचं झाकण लागल्याचा आवाज आला. "कोणाला धक्का लागला असता तर? त्याने काय केलं असतं? त्याने थोडीच तुझा आवाज ऐकला होता."

माझ्याकडे बोलायला आवाजांचा एवढा मोठा साठा, पण त्या वेळी त्यातला एकही चालला नाही.

काकूंनी त्याच दुपारी दुसरी कंपनी शोधली, नवी पॉलिसी काढली, रूममेटचं नावही त्यावर ड्रायव्हर म्हणून घातलं आणि सर्टिफिकेट पाठवून दिलं. पण जुन्या कंपनीची खबर डीएमव्हीला आधीच पोचली होती. वेबसाइटवर माझ्या नावापुढे लिहिलं होतं, सस्पेंडेड. नवं सर्टिफिकेट त्यांच्या कॉम्प्युटरवर चढायला तीन दिवस लागतील की दहा, ते देवालाही सांगता येत नाही, काकू म्हणाल्या. "तोपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

शनिवारी सकाळी सहापासून मी वेबसाइट उघडून बसलो होतो. सस्पेंडेड. आठला सस्पेंडेड. साडेनऊला निघायला हवं होतं. मी खाली गॅरेजमध्ये गेलो आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. हिशेब सोपा होता. इन्शुरन्स आहे. मशीन आहे. प्यायलेलो नाही. राहिलंय ते फक्त कुठल्या तरी कॉम्प्युटरने मान हलवायचं. आणि बाबांनी महिनाभर आधी सांगितलंय, तूच ये. मी हेडसरांचा हूं लावला. गाडी चालू झाली.

आणि माझा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला.

ही बाबांची सवय. गाडी डेपोतून काढायच्या आधी ते खिशातून लायसन काढून बघायचे आणि परत ठेवायचे. रोज. त्यात काय बदललंय ते बघायला नव्हे, ते नुसतं बघायचे. लहानपणी मी घरात पाटावर बसून ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळायचो तेव्हा खिशातून पोस्टकार्ड काढून बघायचो आणि परत ठेवायचो. माझी पहिली नक्कल तीच.

खिशात लायसन होतं. पण ते आज नुसतं प्लॅस्टिक होतं. मी गाडी बंद केली, वर गेलो आणि रूममेटला उठवलं.

"तू चालवणार आहेस."

"मी?" तो अंथरुणातून म्हणाला. "मला ते हूं येत नाही यार."

ते खरंच होतं. घरून निघताना त्याचे पाच प्रयत्न झाले. आम्ही विमानतळावर पोचलो तेव्हा बाबा बाहेर येऊन उभे होते. माकडटोपी, हातात पिशवी, बॅगेला आईने बांधलेली लाल चिंधी. त्यांनी मला जवळ घेतलं, मग ड्रायव्हरच्या सीटवरच्या रूममेटकडे पाहिलं. चेहरा जरासा उतरला. "तू नाही चालवत?" मी म्हणालो, "जरा पाठ दुखतेय." ते मागे बसायला निघाले होते, मी आग्रह करून पुढे बसवलं.

रूममेटने मशीन तोंडाला लावलं. फूऽऽ. मशीन ओरडलं. परत. फूऽ हूं... फूऽ. मशीन पुन्हा ओरडलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला. बाबा हे सगळं नीट, न हलता बघत होते.

"हे आमच्या डेपोत पण आलं होतं," ते म्हणाले. "शेवटची चार वर्षं. ड्यूटीला निघायच्या आधी फुंकायचं. पण त्यात गाणं म्हणावं लागत नव्हतं."

सगळ्या गाड्यांना असतं, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"कुणाचं आहे?" बाबांनी विचारलं.

"माझं, काका," रूममेट म्हणाला.

एका सेकंदात. नळी हातात धरून, पुण्याच्या तोंडाने, जराही न अडखळता. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर शंका घेणाऱ्या माणसाने ही एक गोष्ट शंका न घेता केली. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत ते आलं, जे मी दोन वर्षं टाळत होतो. फक्त ते चुकीच्या माणसावर पडत होतं.

"माझं आहे, बाबा," मी मागून म्हणालो.

बाबा वळले नाहीत. समोर बघत राहिले. मागून परत हॉर्न वाजला.

"आधी गाडी काढ," ते रूममेटला म्हणाले. "लोक खोळंबलेत. सूर जरा खाली घे. पोटातून. घाई नको."

रूममेटने सूर खाली घेतला. गाडी चालू झाली.

पूल लागला. दोन्ही बाजूंना खाडी, ऊन, पाण्यावर बसलेले पक्षी. मग बाबांनी समोर बघतच विचारलं, "कुणाला लागलं?"

"नाही."

"गाडीत कोण होतं?"

"मी एकटाच."

"प्रोजेक्ट होता, तो हाच का?"

"हो."

मग मी सगळं सांगितलं. मॅच, पोलीस, कोर्ट, व्हिसा, क्लास, आणि सोमवारचा फोनसुद्धा. साहेबाचा आवाज न काढता सांगायला मला फार वेळ लागला. रूममेटने मधे एकदाही तोंड उघडलं नाही, हा विक्रम आहे. मी गप्प झालो तेव्हा बाबा म्हणाले, "माझ्याबरोबरच्या एकाचं त्या मशीनमध्ये निघालं होतं. चांगला ड्रायव्हर. माझ्यापेक्षा चांगला." पुढे त्याचं काय झालं ते सांगितलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "आईला मी सांगतो. तू सांगशील तर ती हसायला लागेल, आणि मग उगाच सगळं बरं आहे असं वाटेल."

आणि रूममेटला म्हणाले, "लेन बदलताना आरशात बघ. मान वळवून पण बघ."

पुढचे आठ दिवस बाबांना रूममेटनेच फिरवलं. संध्याकाळी त्यांनी त्याला गॅरेजमध्ये बसवून हूं पक्का करून घेतला. काकूंना मी त्यांना भेटवलं, तेव्हा दोघं माझ्यासमोरच माझ्याबद्दल असे बोलत होते जणू मी बाहेर गेलोय. काकू म्हणाल्या, "पोरगं वाईट नाही, आवाज जरा कमी करायला पाहिजे." बाबा म्हणाले, "लहानपणापासून आहे ते."

नवव्या दिवशी सकाळी वेबसाइटवर सस्पेंडेड शब्द नव्हता. मी काकूंना फोन करून तीनदा विचारलं, डायरेक्ट, माझ्या आवाजात. त्या म्हणाल्या, "हो रे बापा, चालव."

बाबा टोपी घालून खाली आले आणि थेट पुढच्या सीटवर बसले. हात पुढे केला. मी लायसन काढून दिलं. त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं, फोटो पाहिला, मागची बाजू पाहिली, आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवून वरून एक थाप दिली. मी नळी तोंडाला लावली आणि हेडसरांना बोलावलं. गाडी चालू झाली. बाबांचे दोन्ही पाय खालच्या मॅटवर ब्रेक शोधत होते, मला दिसत होते.

तीस वर्षं गाडी काढायची घंटा त्यांना मागून ऐकू यायची, कंडक्टरची. आज त्यांनी जीभ टाळूला लावली आणि तंतोतंत, दोरी ओढल्याच्या खरखरीसकट, वाजवली.

टण टण.

मी मान वळवून मागे पाहिलं आणि गाडी काढली.